मंगसरूची रिक्षा जड झाली

मंगसरू मेटानं जन्मात कुणावर विश्वास ठेवला नाही, आणि तसं त्याचं बरं चाललं होतं. गवळी पाणी घालतो, पुजारी प्रसादाचा मोठा तुकडा जावयासाठी राखून ठेवतो, न्हावी मुद्दाम एका बाजूचे केस लांब ठेवतो म्हणजे गिऱ्हाईक लवकर परत यावं, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून पक्कं ठाऊक होतं. लग्न ठरलं तेव्हा त्यानं सोयरीक जुळवणाऱ्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "दाखवली तीच देणार ना? की हिची बहीण?" दाराआडून मैणानं ते ऐकलं. संसाराला इतकी वर्षं झाली, मुली सासरी गेल्या, तरी भांडणात ती ते उकरून काढायचीच, "बहीणच मागून घ्यायची होतीत. ती निदान बहिरी तरी आहे."

पण शिमल्यात रिक्षाच्या मेटाला असा स्वभाव शोभून दिसायचा. मेट म्हणजे टोळीचा म्होरक्या. त्या काळी लाटसाहेब आणि त्याच्या बरोबरीचे एकदोघे सोडले तर कुणाला वरच्या रस्त्यांवर बग्गीसुद्धा नेता येत नसे. बाकीची सगळी साहेबी, चहापानं, नाच, घोड्यांच्या शर्यती, माणसांनी ओढलेल्या रिक्षांतूनच इकडून तिकडे जायची. डोंगरातला रस्ता, त्यामुळे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. चार गडी लागायचे, दोघे पुढं दांड्याला आणि दोघे मागून रेटायला. चार गडी म्हटले की एखादा अंगचोर निघणारच, आणि तो हुडकून काढणं हे मेटाचं काम. त्यात मंगसरूचा हात धरणारा कुणी नव्हता.

ठियोगपलीकडच्या धारली गावचा हा माणूस. बटाट्याची पोती पाठीवर घेऊन पहिल्यांदा शिमल्यात आला तो तिथंच कामाला राहिला. छोट्या शिमल्याजवळच्या बेंटनसाहेबाच्या कोठीवर मागचा गडी म्हणून लागला, मग पुढं आला, मग मेट झाला. हिरवा कोट, त्याला पिवळी किनार, पगडीला पितळी बिल्ला. तो बिल्ला तो रोज राखेनं घासायचा आणि झोपताना उशाखाली ठेवायचा, कारण शेजारी झोपणारेही शेवटी माणसंच. गावात त्याला मान होता. मेट आला म्हटलं की लोक हुक्क्याची नळी आधी त्याच्याकडे वळवायचे. तो मात्र ती नळी धोतराच्या सोग्यानं पुसल्याशिवाय तोंडाला लावत नसे.

त्या साली वैशाखात साहेब लोक खालून वर आले, गाड्या बाहेर निघाल्या, आणि मंगसरूला पहिल्याच चढावर जाणवलं की रिक्षा जड झाली आहे.

आधी त्याला वाटलं, आसात वंगण नाही. त्यानं चाकं काढून वंगण भरलं. रिक्षा तशीच. मग संशय गेला मडमेवर. हिवाळ्यात खाली मैदानी मुलखात बसून खाऊनपिऊन सुटली असेल. तो चार दिवस तिला चढता-उतरताना निरखून बघत राहिला. बाई होती तशीच होती, वाळक्या शेंगेसारखी. मग वाटलं, कोठीचा कारभार बघणारा खानसामा नियामत खाँ रिक्षातल्या गादीखाली काहीतरी दडवून बाजारात पाठवतो. गादी उचलून बघितली तर खाली मडमेचा एक हातमोजा आणि मेलेलं झुरळ. आता उरली माणसं.

आणि इथंच पुढच्या माणसाची गोची असते. दांड्याला धरून, मान खाली घालून तो चढ चढत असतो. पाठीमागं काय चाललंय ते त्याला दिसत नाही. दिसायला मान वळवावी तर जोर जातो. मागचा गडी मनापासून रेटतोय की नुसता हात टेकवून धापा टाकल्याचं सोंग करतोय, हे पुढच्याला कळतं ते फक्त ओझ्यावरून. ओझं वाढलं, म्हणजे कुणीतरी हात आखडला. यात मंगसरूला तिळमात्र शंका नव्हती.

त्याच्या शेजारी दांड्याला शिवणू असे, बोलण्यात कंजूष, पायात घट्ट. मागं डाव्या बाजूला पूरणू आणि उजव्या बाजूला तुलसू. हा तुलसू मैणाचा धाकटा भाऊ. मंगसरूनंच त्याला कामाला लावलं होतं, त्यामुळे त्याच्यावर त्याचा संशय सगळ्यात जास्त. नात्यातला माणूस लाडावतो, हा त्याचा अनुभव नव्हे, खात्री होती. शिवाय तुलसू चढावर गाणी म्हणायचा.

"गायला दम उरतो, म्हणजे रेटायला लावत नसणार," मंगसरू एकदा कोठीच्या मागच्या अंगणात म्हणाला.

"दाजी, गातो म्हणून दम टिकतो," तुलसू म्हणाला. "तुम्ही पण म्हणून बघा. पण हळू म्हणा, मडम उतरून पळायची."

पूरणू फिसकन हसला. मंगसरूनं ते हसणंही मनात टिपून ठेवलं. दोघं मिळालेले आहेत तर.

मग त्यानं डाव टाकायला सुरुवात केली. चढाच्या मध्यावर अचानक थांबायचं आणि गर्रकन मागं बघायचं. बघावं तर दोघंही दांडीला छाती लावून उभे, घामानं निथळत. एकदा त्यानं दोघांच्या जागा बदलल्या. एकदा तर चालता चालता खोटंच ओरडला, "सोडला रे, कुणी हात सोडला?" त्यावर तुलसू म्हणाला, "तुम्हीच ओरडताना सोडलात, दाजी." डोंगररस्त्यावर एवढा निर्भय माणूस, पण दाजीला खरं सांगायला तोही कचरत होता, हे पुढं कळलं.

ज्येष्ठात मशोबऱ्याच्या पुढं देवदारांच्या रानात जत्रा भरते. देवाची पालखी येते, गावोगावचे लोक येतात, बायका नथी घालून मिरवतात. मैणाही धारलीहून आली होती, नवऱ्यासाठी मक्याचं सत्तू आणि भावासाठी विणलेला कमरपट्टा घेऊन. सगळे बसले होते, हुक्का फिरत होता, आणि मंगसरूनं सगळ्यांसमोर विषय काढला. टोळीत एक अंगचोर आहे. देवासमोर ज्यानं त्यानं शपथ घ्यावी.

मैणाच्या लक्षात आलं तो कुणावर बोलतोय. "तुम्हाला माझा भाऊच सापडला का?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"नाव कशाला घ्यायला हवं? बघताय कुणाकडे ते आंधळ्यालासुद्धा दिसतंय."

तुलसू उठला. "घेतो ना शपथ. त्यात काय एवढं?"

आमच्याकडे शपथ बकऱ्याच्या साक्षीनं घेतात. पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं तर देवानं शब्द मान्य केला. गप्प उभा राहिला तर देव रुसला, आणि मग सगळ्या गावानं तोंड फिरवलं म्हणून समजा. तुलसूनं देवाच्या पालखीसमोर ओंजळभर पाणी घेतलं, म्हणाला, "मी गाडीवर कधी हात आखडला असेल तर माझी घरी परत वाट नाही," आणि बकऱ्याच्या पाठीवर ओतलं. बकरा असा काही थरथरला की पाण्याचे शिंतोडे मंगसरूच्या तोंडावर उडाले. लोकांनी गजर केला. मैणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मंगसरूनं तोंड पुसलं आणि विचारलं, "बकरा कुणाचा आहे?"

देवाचा गुर, ज्याच्या अंगात देव येतो तो, त्याच्याकडे बघतच राहिला.

"नाही म्हणजे," मंगसरू म्हणाला, "पाणी झऱ्याचं. गार होतं. कुणीही थरथरेल."

"अहो, देवावर तरी!" मैणा ओरडली. "मी म्हणते, तुम्ही मेल्यावर यमालासुद्धा विचाराल, रेडा तुझाच का म्हणून!"

लोक हसले, आणि तेच मंगसरूला झोंबलं. देवाला एवढ्या सगळ्यांचं बघावं लागतं, एका रिक्षाच्या चाकाकडे त्याचं लक्ष कुठून असणार? शिमल्याला परत आल्यावर त्यानं नियामत खाँला सांगितलं की तुलसूला काढा. खानसाम्याला काय, एक पहाडी गेला की दुसरा. त्यानं मान डोलावली.

तुलसूनं हिरवा कोट काढला, नीट घडी केली, वर बिल्ला ठेवला. चिडला नाही. निघताना एवढंच म्हणाला, "दाजी, सांभाळून जा. मोठ्या चढावर मध्ये दम खात जा थोडा." मंगसरूला वाटलं, टोमणा मारला.

दुसऱ्या कुठल्या टोळीनं तुलसूला घेतलं नाही. का घेतील? बहिणीच्या नवऱ्यानं काढला, म्हणजे काहीतरी असणारच. रिक्षांच्या अड्ड्यांवर असा शिक्का बसला की तो पुसत नाही. अंगचोर म्हणजे चोराहून वाईट; चोर एकदा नेतो, अंगचोर रोज दुसऱ्याच्या पाठीवर बसतो. तुलसू लक्कड बाजारात फळ्या वाहायला लागला. मुलीकडच्यांनी त्याची ठरत आलेली सोयरीक लांबणीवर टाकली. मैणा गावी गेली ती गप्पच. जाणाऱ्या-येणाऱ्यांबरोबर ती सत्तूचं गाठोडं पाठवायची, ते बंद झालं. मंगसरू मनातून हलला, नाही असं नाही. रात्रीच्या भाकरीला चव लागेना. पण संशयाचं एक असतं, त्याला एकदा जेवू घातलं की तो दुसऱ्या दिवशी पुन्हा ताटावर हजर. कारण तुलसूच्या जागी जगतू नावाचा धट्टाकट्टा गडी आला, आणि रिक्षा हलकी व्हायच्याऐवजी आणखी जड झाली.

आता मंगसरूची झोप उडाली. म्हणजे पूरणूच होता? की हा नवा जगतू त्याहून सवाई? की शिवणू, हा शेजारचा मुका, जो कधी वर तोंड करून बघत नाही? न बघणारा माणूस तर जास्तच लपवत असतो. पावसाळाभर तो असा आतल्या आत धुमसत राहिला. छातीत कळ येई, उजवा खांदा धरून बसे, घाम फुटे. तो म्हणायचा, या हरामखोरांनी माझ्या जीवावर उठायचं ठरवलंय. हात आखडून मला मारायचा बेत आहे, म्हणजे मेटाची जागा मोकळी.

भादव्यात खाली अन्नाडेलच्या मैदानावर साहेबांचं फुलांचं प्रदर्शन होतं. तिथून वर यायचा चढ म्हणजे भिंतच. सगळ्या रिक्षा एकामागून एक वर येत होत्या आणि बेंटनसाहेबाची रिक्षा मध्यावर थांबली. थांबली ती थांबलीच. मागून लोक ओरडायला लागले. शेवटी मडम खाली उतरली आणि रेशमी जोड्यांनी चिखलातून चालत वर गेली. बाजूनं जाणाऱ्या रिक्षांतून इतर मडमा बघत होत्या. एकीनं हात हलवला. आमच्या मडमेनं त्या दिवशी जेवण घेतलं नाही, म्हणे.

नियामत खाँनं मंगसरूला पुढ्यात उभं केलं. "तुला दोन दिवस देतो. कामचोर कोण ते दाखव. नाहीतर चौघांचे कोट उतरवून घेतो आणि नवी टोळी आणतो."

"दाखवतो, खानसामाजी," मंगसरू म्हणाला. "त्यांचेच हात साक्ष देतील."

कोठीमागं अक्रोडाचं झाड होतं. फळं हिरवी होती अजून. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा रस काय चीज असते ते आमच्या बायकांना विचारा. लागतो तेव्हा काही दिसत नाही. थोड्या वेळानं पिवळा पडतो, मग तपकिरी, मग काळा, आणि कातडी निघेपर्यंत जात नाही. अक्रोड सोलायला बसलेल्या बायका पुढं कितीतरी दिवस पाहुण्यांसमोर हात ओढणीत लपवतात. मंगसरूचा हिशोब सरळ होता. जो जोर लावतो त्याचा तळहात दांड्यावर घट्ट बसतो आणि घासतो, तिथं काळं होणार. जो नुसता हात टेकवतो त्याची फक्त बोटांची टोकं रंगणार. आता कोण शपथ घेतं आणि कुणाचा बकरा थरथरतो ते बघू.

सकाळी सगळे उठायच्या आधी त्यानं हाताला जाड फडकं गुंडाळलं, साली ठेचल्या आणि मागच्या दांडीला रस चोळला. मग थोडा विचार करून पुढच्या दांड्यालाही चोळला, कारण शिवणूलाही सोडायचं नव्हतं. लाकूड आधीच काळपट, त्यावर काही कळत नव्हतं. उरलेल्या साली त्यानं कोटाच्या खिशात टाकल्या, पुरावा म्हणून. चढावर शिवणूनं एकदा नाकानं हवा ओढली आणि मंगसरूकडे बघितलं. 

मडम शिंप्याकडे कपडे अंगावर घालून बघायला गेली. तिथं बराच वेळ मोडायचा. पूरणू आणि जगतू भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या हातांचे तळवे लांबूनही दिसत होते, शेणाच्या गोवरीसारखे. दोघांचेही. म्हणजे शिवणूच! एवढी वर्षं खांद्याला खांदा लावून, आणि हा! मंगसरू नळावर पाणी प्यायला गेला, ओंजळ धरली आणि पाणी प्यायचं विसरला.

त्याचे तळहात स्वच्छ होते. गोरे नव्हते, पण स्वच्छ. बोटांच्या टोकांवर पिवळट ठिपके, बस्स.

त्यानं हात धुतले, पुन्हा बघितले. सकाळचं फडकं आठवलं. पण फडकं तर त्यानं चोळून झाल्यावर लगेच काढून टाकलं होतं. त्यानंतर सगळा चढ त्यानं याच उघड्या हातांनी दांडा धरला होता. धरला होता का? त्याला आठवू लागलं. चढ लागला की उजवा खांदा निखळल्यासारखा व्हायचा, म्हणून तो कोपर दांड्यावर टाकायचा, कोटाच्या बाहीसकट, आणि अंग सैल सोडायचा, अगदी जरासा, दम धरण्यापुरता. तो दम धरण्यापुरता वेळ वैशाखापासून वाढत वाढत सगळा चढ होऊन बसला होता. तो दांडा ओढतच नव्हता. दांड्याच्या आधारानं तोच वर जात होता. मडमेसारखा.

मागं पाय वाजले. शिवणू उभा होता. त्यानं दोन्ही हात पुढं केले. तळहात काळेकुट्ट, अंगठ्याखालचा उंचवटा तर जळल्यासारखा.

"अक्रोड आहे ते वासावरून कळलं मला सकाळीच," शिवणू म्हणाला.

मंगसरूनं ओले हात पाठीमागं नेले.

"साली आहेत ना खिशात? चोळ आत्ता. संध्याकाळपर्यंत रंग चढेल. खानसाम्याला काय कळतंय."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं, मेट. पूरणूला, तुलसूला. तुलसू दोघांचा जोर लावायचा मागून. म्हणायचा, दाजीला कळू देऊ नका, दाजी गाडीपुढं नसला तर मरून जाईल. म्हणून तर गायचा तो मोठ्यानं, तुझी धाप तुला ऐकू येऊ नये म्हणून."

मंगसरू नळाच्या कट्ट्यावर खाली बसला. "मग सांगितलं का नाहीस रे मला? शेजारी तर असतोस."

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

मंगसरूला लपवायचा प्रयत्नही करता आला नाही. "म्हणालो असतो, माझ्या जागेवर डोळा आहे याचा."

"मग?" शिवणू म्हणाला, आणि मंगसरूच्या खिशातून त्यानंच साली काढून कट्ट्यावर ठेवल्या.

मंगसरू त्या सालींकडे बघत बसला. त्या चोळण्यात त्याला काही पाप वाटलं नाही, खोटं कशाला सांगा. फक्त भीती वाटली, की हे शिवणूचं काय असेल? चांगुलपणा की नवा डाव? आणि असं मनात येताच त्याला स्वतःची अशी शिसारी आली की त्यानं साली पायानं नाल्यात लोटून दिल्या. पण आपण काय करणार आहोत हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुपार कलल्यावर कोठीच्या मागच्या अंगणात नियामत खाँ पायरीवर उभा राहिला; अक्रोडाच्या रसाची युक्ती मंगसरूनं त्याला सकाळी निघायच्या आधीच सांगितली होती. स्वयंपाकी, माळी, धोबी, सगळे तमाशा बघायला जमले होते.

"हात पुढं."

पूरणूनं पुढं केले. काळे. जगतूनं केले. काळे. शिवणूनं केले, ते इतके काळे की खानसाम्यानं तोंडच वाकडं केलं. मंगसरूनं मुठी आवळल्या. पण खानसामा त्याच्यापाशी आलाच नाही. तो वळला आणि हात झटकून म्हणाला, "झालं तर मग. यात कामचोर कुणी नाही. मेट, तुझं बरोबर होतं. तो तुझा मेहुणाच चोर. गेला ते बरं झालं. चढावर काय झालं असेल ते असो, मी मडमेला समजावतो."

धोबी म्हणाला, "मी म्हणतच होतो, तुलसूचे डोळे बरे नव्हते."

माळीही म्हणाला, त्यालाही तसंच वाटत होतं. सगळ्यांनाच आता आठवायला लागलं. मंगसरू ऐकत होता. त्याचा कोट वाचला होता, बिल्ला वाचला होता, टोळी वाचली होती. फक्त तुलसूच्या कपाळावर आता कायमचं कोरलं जात होतं, आणि कोरणाऱ्यांनी त्याचा हातसुद्धा बघितला नव्हता. त्यानं शिवणूकडे बघितलं. शिवणू जमिनीकडे बघत होता.

"खानसामाजी," मंगसरू म्हणाला. "माझे राहिले."

"तुझे कशाला? तू मेट."

"माझे बघा."

त्यानं मुठी उघडल्या. नियामत खाँ आधी हसला, त्याला वाटलं मेटानं हात धुतले. मग जवळ आला, बोटांच्या टोकांवरचे ठिपके बघितले आणि हसायचा थांबला. 

"अंगचोर मी आहे," मंगसरू म्हणाला. "चोरी करायची म्हणून नाही केली. अंगच उरलं नाही. पण ओढत मी नव्हतो, आणि तुलसू दोघांचं रेटत होता. हे सगळ्यांनी ऐका आणि अड्ड्यावर सांगा."

मग त्यानं कोट काढला. तुलसूला जमली होती तशी घडी त्याला जमली नाही. उजवा हात वर जाईना. शिवणूनं घडी घालून दिली. खानसाम्यानं शिवणूला मेट केलं आणि म्हणाला, रिकाम्या जागी तो मेहुणा येत असेल तर आणा, उद्या सकाळपर्यंत थांबतो.

मंगसरू तसाच नुसत्या सदऱ्यावर लक्कड बाजारात गेला. ऊन अजून डोंगरावर होतं. तुलसू देवदाराच्या फळ्या पाठीवर बांधून घेत होता. दाजीला कोटाशिवाय बघून तो चपापला, आणि दोन पावलं मागं सरला.

मंगसरूनं सगळं सांगितलं. अक्रोड, हात, अंगण, काहीही न लपवता. "माझं चुकलं रे," तो म्हणाला. "तुझी जागा मोकळी आहे. उद्या ये. सगळ्यांसमोर सांगून आलोय." आणि त्यानं दोन्ही तळहात पुढं धरले.

तुलसूनं तळहातांकडे बघितलंच नाही. तो त्याच्या खांद्यावरून मागं बघत होता, लाकडांच्या ढिगाआड, मग वर रस्त्याकडे.

"कोण आहे तिकडे?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. मी एकटाच आलोय."

"दाजी, खरं सांगा. हा काय नवा डाव आहे? मला परत न्यायचं आणि सगळ्यांसमोर पुन्हा काढायचं?"

"देवाशपथ नाही रे."

"देवाची शपथ तर मीही घेतली होती." तुलसूनं फळ्यांची दोरी कपाळावर घेतली आणि वाकला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, सावध होता. "एक सांगा मला. माझ्या जागी तुम्ही असतात, आणि मी हे सांगायला आलो असतो, तर तुम्ही मानलं असतंत?"

मंगसरूला निदान एकदा तरी खोटं बोलायचं होतं. जमलं नाही.

"नाही," तो म्हणाला.

तुलसूनं मान हलवली आणि ओझं घेऊन उताराला लागला. वळणापर्यंत जाताना त्यानं दोनदा थांबून मागं बघितलं, मंगसरू पाठलाग तर करत नाही ना म्हणून.